अजबखान्यातली वीट

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पण अजबखाना होता.

अजबखाना हा बाबांचा शब्द. निजामाच्या अमलात ज्यांचं लहानपण गेलं ती माणसं म्युझियमला अजबखाना म्हणायची. बाबांचा अजबखाना म्हणजे खाटेखाली सरकवलेली पत्र्याची निळी ट्रंक. तिला कुलूप नव्हतं, कारण तिच्यातलं काही चोरावं असं कुठल्याच चोराला वाटलं नसतं. माय तर उघडच म्हणायची, "चोर आला तर त्याच्या हातापाया पडंन, ही बी घेऊन जा म्हणंन."

बाबा उदगीर डेपोत एसटीचे कंडक्टर होते. मुखेड, देगलूर, निलंगा अशा गाड्या त्यांच्या वाट्याला यायच्या. गाडी कुठं थांबली, कुठं बंद पडली, की ड्रायव्हर बिडी ओढायचा आणि बाबा खाली उतरून इकडंतिकडं बघत हिंडायचे. गावच्या माणसांशी बोलायचे. त्यातून ही ट्रंक भरत गेली. चारमिनारचं चित्र असलेले निजामाचे हाली सिक्के, उर्दू अक्षरं छापलेलं निजामी रेल्वेचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट, साळिंदराचे काटे, विहीर खोदताना निघालेली गारगोटी, जी फोडल्यावर आतून साखरेसारखी चमकत होती. काड्यापेटीत ठेवलेला एक वाळका टोळ होता, बाभळीच्या काट्यासकट. खाटीक नावाचा पक्षी असतो, तो टोळ मारून काट्याला टोचून ठेवतो आणि भूक लागली की येऊन खातो. हे बाबांनी सांगितलं तेव्हा मला ते खोटंच वाटलं होतं. शिवाय तंबूतल्या सिनेमाबाहेर विकायला ठेवायचे त्या गाण्यांच्या पातळ चोपड्या. त्यांचा कागद इतका पिवळा पडला होता की बाबा आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत, स्वतः पानं उलटायचे आणि गाणी म्हणून दाखवायचे. आवाज भसाडा. पण "पुढं सरका, पुढं सरका" करून घासलेला तो गळा गाण्यात एकदम मऊ व्हायचा, हे मी कबूल करते.

आणि त्या ट्रंकेत होती वीट.

ती आली मुखेडच्या वाटेवरून. उन्हाळ्यात गाडी तापली, बाबा डबा घेऊन जवळच्या गावात पाणी आणायला गेले. गावाबाहेर जुन्या वस्तीचं टेकाड होतं, लोक तिथली पांढरी माती घरावर टाकायला न्यायचे. टेकाडाशेजारी जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद. त्या हौदात पोरं खेळत होती, आणि पाण्यावर एक वीट तरंगत होती. पोरं तिच्यावर बाभळीच्या शेंगा ठेवून तिला नाव म्हणून ढकलत होती. बाबा म्हणायचे, "मला आधी वाटलं, ऊन लागलं आपल्याला." मग त्यांनी ती उचलून पाहिली. आजच्या विटेपेक्षा मोठी, पण हातात वजनच नाही. टेकाड उकरताना अशी एकच सापडली, असं पोरांनी सांगितलं. बाबांनी खिशातला शाईचा पेन दिला आणि वीट घेतली.

"पेन देऊन वीट आणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघायलेय," माय म्हणाली.

बाबांनी तिला समोर बसवलं, घंगाळात पाणी घेतलं आणि वीट सोडली. वीट तरंगली. मायनं बोटानं दाबली, वीट पुन्हा वर आली. बाबांनी सांगितलं की जुने लोक मातीत भाताचं तूस कालवायचे, भट्टीत ते तूस जळून जायचं, आत बारीक बारीक पोकळ्या राहायच्या, म्हणून ही हलकी. कुठल्यातरी शाळामास्तरांना विचारून आले होते. "दोन हजार वर्षांची असंल," ते म्हणाले, "एखाद्या विहाराची." आमच्या शेजारी आडत दुकानवाल्यांचं घर होतं, शिवभक्त माणसं. तिथल्या काकूनं वीट बघितली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "महादेवाच्या देवळाची हाय ही." बाबा हसले. वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तो माझा आहे, आणि तो मायकडून आलाय.

अशा विटा आमच्या मराठवाड्यात आणखीही जुन्या देवळांत सापडल्या आहेत, हे मला पुढं मोठेपणी कळलं. पण तेव्हा आमच्यासाठी जगातली एकुलती एक तरंगणारी वीट आमच्या खाटेखाली होती.

पंचाईत अशी की वीट आली आणि पाणी गेलं. आमचं उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आलं, सगळीकडं नवा जिल्हा, नवा जिल्हा असा गाजावाजा झाला, हापिसांवर नवे बोर्ड लागले. आणि तिकडं पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. आमच्या गल्लीतल्या आडाला चिखल लागला. टँकर आला की बायका घागरींवर घागरी आपटायच्या. माय त्या भांडणात कधी हरली नाही. तिच्या शिव्या मी इथं लिहीत नाही. पण घरी आणलेलं पाणी ती असं मोजूनमापून वापरायची की तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी न्हाणीमागच्या लिंबाच्या रोपाला.

अशा दिवसांत बाबांना डेपोतल्या लोकांना वीट तरंगवून दाखवायची हौस आली.

"घंगाळभर पाणी दे गं," बाबा म्हणायचे.

"तुमच्या विटेला पवायला पाणी न्हाई माझ्याकडं. तुमी पवा कोरड्यात."

त्यामुळं डेपोत कुणीच ती वीट तरंगताना पाहिली नव्हती. बाबा नुसतं सांगायचे आणि माणसं हसायची. बाबांच्या गाडीवर नेहमी असायचा तो ड्रायव्हर दांडगा मिशीवाला. तो तर भर स्टँडवर ओरडायचा, "मास्तर, तुमचा धोंडा पोहायला शिकला का न्हाई?" एकदा चहा पिता पिता त्यानं सगळ्यांसमोर पैज लावली की वीट चार लोकांत तरंगली तर मी मिशी काढून टाकीन. तेव्हापासून तो गप्पांचा विषयच झाला. बाबा चेष्टा सोसायचे. पण घरी येऊन एकदा मायला म्हणाले, "अगं, जलम गेला लोकांला पुढं सरका, पुढं सरका म्हणण्यात. एकदा तरी लोकांनी आपल्याभवती गोळा व्हावं, आन् आपण सांगावं, आन् त्यांनी ऐकावं. एवढंच." माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

ती संधी आली. नव्या जिल्ह्यानं लातूरला एका शाळेच्या आवारात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तालुक्यातालुक्यांतून जुन्या, अजब वस्तू मागवल्या. डेपोतल्या कुणीतरी, खरं तर चेष्टेतच, बाबांचं नाव कळवलं, आणि बोलावणं आलं! टेबल मिळणार होतं. मोठे साहेब येऊन वस्तू बघणार होते, आणि प्रत्येकानं आपल्या वस्तूची माहिती तोंडानं सांगायची होती. बाबांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. गाडीत तिकिटं फाडता फाडता तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर खुळे झाले." मी बाबांना विचारलं, भीती वाटते का? तर म्हणाले, "वीट हाय ना संगं. मला काय करायचंय, ती तर आपली आपण तरंगती."

त्याच दिवसांत शेजारच्या काकूनं देव पाण्यात घातले होते. ही आमच्याकडची जुनी रीत. काही मागायचं असलं, फार अडलेलं असलं, की देव पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. काकूनं पावसासाठी घातले होते. तांब्याच्या पातेल्यात बिचारे सगळे देव नाकातोंडात पाणी जाऊन पडलेले. ती ते आम्हाला कौतुकानं दाखवत होती. बाबा घरी आल्यावर म्हणाले, "देव बुडवून पाऊस पडला असता तर सरकारनं धरणं कामून बांधली असती?"

माय म्हणाली, "आपल्याकडं तर बुडवायलाबी न्हाईत."

बाबांनी एकदम वर बघितलं. हे सांगायला हवं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीला नेऊन सोडले होते. ती गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगितली जायची आणि बाबा त्या बाबतीत फार कडक होते. काकूच्या घरचा प्रसाद ते प्रेमानं खायचे, पण हात जोडायचे नाहीत. मायच्या माहेरीही देव तसेच गेले होते. पण मायची आजी त्याआधी ऊठसूट देव पाण्यात घालून बसायची, आणि मायनं ते लहानपणी पाहिलं होतं. मायनं तेव्हा फक्त एवढंच म्हटलं, "नुसतं म्हणलं मी. म्हणायला बी बंदी हाय का?" आणि ती उठून गेली.

त्या आठवड्यात घरात दोन गोष्टी वेगळ्या होत्या, पण माझ्या काही ध्यानात आलं नाही. एक म्हणजे न्हाणीच्या कोपऱ्यात टोपलीखाली झाकलेली बादली होती. मी टोपली उचलायला गेले तर माय खेकसली, "पाणी हाय ते, हात लावशील तर बघ." झाकलेल्या पाण्याला दुष्काळात कुणी हात लावत नाही. दुसरी म्हणजे पाट्यावरचा वरवंटा दिसत नव्हता आणि माय लसणाची चटणी खलबत्त्यात कुटत होती. विचारलं तर म्हणाली, काकूनं नेलाय.

प्रदर्शनाच्या सकाळी मायनं वीट जुन्या लुगड्याच्या तीन-चार पदरी फडक्यात घट्ट गाठी मारून बांधून तयार ठेवली होती. बाबांना म्हणाली, "सोडू नका आता मधीच, कोपरा फुटंल. तिथंच सोडा." बाबांनी गाठोडं उचललं आणि म्हणाले, "आं? जड लागायलीय की गं."

"वीट न्हाई जड झाली. तुमचं वय झालं."

आम्ही तिघं लातूरच्या गाडीत बसलो. बाबांच्या मांडीवर विटेचं गाठोडं, माझ्या मांडीवर घंगाळ. बाबांनी खाकी गणवेशच घातला होता, त्याच्यापेक्षा चांगला कपडा त्यांच्याकडं नव्हता. मायनं त्याला तांब्यात विस्तव घालून इस्त्री केली होती. मिशीवाला ड्रायव्हर सुट्टी काढून मागच्या सीटवर येऊन बसला होता. म्हणाला, "मिशीचा सवाल हाय, मास्तर."

शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती. काय काय होतं तिथं! काचेच्या बरणीत दोन तोंडांचं वासरू, जन्मायच्या आधीच मेलेलं. भोंग्याचा ग्रामोफोन, त्याच्या मालकाला किल्ली फिरवून फिरवून घाम फुटलेला. तांदळाच्या एका दाण्यावर नाव लिहिणारा माणूस भिंग घेऊन बसलेला. मी वासरापाशीच उभी राहिले असते, पण मायनं दंड धरून ओढलं. एक शिपाई कुरकुरत टँकरच्या पाण्याची बादली घेऊन आला आणि आमचं घंगाळ भरून गेला. ते पाणी बघून आजूबाजूच्या बायका आपसात बोलायला लागल्या की इथं प्यायला न्हाई आन् ह्यांला विटेला पाणी.

साहेब आले. त्यांच्या मागं ही गर्दी. बाबांनी टोपी नीट केली, घसा साफ केला आणि बोलायला लागले. मला आजही तो आवाज ऐकू येतो. टेकाड, हौद, पोरं, बाभळीच्या शेंगा, तूस, भट्टी. सगळं असं ओघानं सांगितलं की ग्रामोफोनवाल्यानं आपली तबकडी बंद केली. लोक सरकून पुढं आले. बाबांना कुणाला पुढं सरका म्हणावं लागलं नाही. मी मायकडं बघितलं तर तिचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते.

"आणि ही वीट, साहेब, पाण्यावर तरंगते," बाबा म्हणाले. त्यांनी फडक्याच्या गाठी सोडल्या, वीट दोन्ही हातांत घेतली आणि घंगाळात सोडली.

वीट सरळ तळाला गेली. ठण्ण झालं.

थोडे बुडबुडे आले वर. मग तेही थांबले. कुणीतरी मागून फिसकन हसलं, आणि मग काय, सगळेच हसले. पोरं, बायका, शिपाई, सगळे. वासराचा मालक तर टेबलावर हात आपटून हसत होता. अरे, स्वतः मेलेलं वासरू घेऊन आलास की तू! मला इतका राग आला की त्याची बरणी फोडावीशी वाटली. रडूही येत होतं. ड्रायव्हर मात्र हसला नाही. तो मिशीला हात लावून गप्प उभा होता.

बाबांनी वाकून वीट वर काढली. बाहीतून पाणी गळून गणवेशाची इस्त्री पार गेली. त्यांनी वीट उलटी केली, आणि मी त्यांच्या शेजारीच असल्यामुळं मलाही दिसलं. विटेच्या वरच्या अंगाला लांबट लालसर डाग होता. वरवंट्याच्या आकाराचा. बाबांनी वीट नाकाजवळ नेली. लसणाच्या चटणीचा वास मलाही आला. मग त्यांनी मायकडं पाहिलं.

मायचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाबांनी वीट टेबलावर ठेवली. मग ते साहेबांकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "साहेब, दुष्काळ हाय. हिलाबी तहान लागली व्हती. पोटभर पाणी पिऊन बसली." लोक पुन्हा हसले, पण आता हसणं निराळं होतं, बाबांच्या बाजूचं. साहेबही हसले. बाबा म्हणाले, "चूक माझी हाय. फुटू नये म्हणून मीच रातभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मुरलं पाणी आत." साहेबांनी मान डोलावली, "पुढच्या वेळी कोरडी आणा," म्हणाले आणि तांदळाच्या दाण्याकडं गेले. गर्दीही त्यांच्यामागं गेली. पुढची वेळ काही आली नाही. तसं प्रदर्शन पुन्हा भरलंच नाही.

परतीच्या गाडीत माय खिडकीकडं तोंड करून बसली होती. पदर डोळ्यांना लावलेला. बाबांनी डब्यातली भाकरी सोडली, तिच्यावर चटणी ठेवली आणि तिच्या हातात दिली. "खा," म्हणाले, "सकाळपासून उपाशी हायेस." माय रडत रडत भाकरी खात होती.

घरी आल्यावर ती न्हाणीत गेली, मी तिच्यामागं. टोपली बाजूला केली. बादलीतलं पाणी तांबूस झालं होतं, त्यावर तेलाचा तवंग, आणि शेजारी वरवंटा पडलेला. ते पाणी तिनं मागं नेऊन लिंबाच्या रोपाला घातलं. जी बाई घंगाळभर पाणी देत नव्हती तिनं आठवडाभर बादलीभर पाणी अडकवून ठेवलं होतं. त्या आठवड्यात ती अंघोळीला न बसता नुसतं अंग पुसून घेत होती, हे मला तेव्हा उमगलं.

"कामून गं माय?" मी विचारलं. मी रागातच होते.

"देव असता घरात तर देव घातला असता," ती म्हणाली. "न्हाई म्हणून ही घातली. दोन हजार वर्सांची हाय म्हणत्यात, ऐकंल वाटलं. तर ती बुडंचना मेली! वर यायची सारखी. म्हणून वरवंटा ठेवला."

"काय मागितलंस?"

"ह्यांचं हसं होऊ नये, एवढंच मागितलं," ती म्हणाली, आणि लिंबाच्या रोपाशी बसून मोठ्यानं रडली. मग नाक पुसून म्हणाली, "बाबाला सांगशील तर तंगडं मोडीन."

मी कशाला सांगू! त्यांना माझ्या आधी कळलं होतं. पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्यांना कळलंय हे मायला कळलेलं होतं की नाही, याचा मला बरीच वर्षं पत्ता लागला नाही. ओल्या फडक्याची गोष्ट बाबा डेपोत सांगत राहिले. माय ती ऐकायची आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारायची.

वीट पुढं कितीतरी दिवस भिंतीवर उन्हात वाळत पडली होती. वाळल्यावर बाबांनी हातात तोलली आणि म्हणाले, "हां, आता आली ठिकाणावर." मग पाऊस बरा झाला, आणि एकदा डेपोच्या टाकीत त्यांनी ती सगळ्यांसमोर सोडली. तरंगली की! ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या, पण मिशी काही काढली नाही. म्हणाला, प्रदर्शनातली पैज प्रदर्शनात संपली. डेपोतले दहा-बारा लोक पाहून कामाला निघून गेले. बाबा खूश होते. पण लातूरच्या त्या खोलीत सगळे गप्प होऊन त्यांचं ऐकत होते, तसं त्यांचं पुन्हा कुणी कधी ऐकलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

वर्षं गेली. माझं लग्न होऊन मी नांदेडला आले, शाळेत शिकवायला लागले. किल्लारीच्या भूकंपात आमच्या उदगीरच्या घरातली मांडणीवरची भांडी खाली आली, ट्रंकेला मात्र काही झालं नाही. बाबा निवृत्त झाले. सिनेमाच्या चोपड्यांची पानं हात लावताच तुटायला लागली. लिंबाचं झाड आता माडीइतकं झालं होतं.

मग माय आजारी पडली. पोटात गाठ निघाली. नांदेडच्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, गाठ कसली आहे ते काढल्यावरच कळेल. बाबा तिच्या खाटेपाशी बसून असायचे. ऑपरेशनच्या आधी एकदम म्हणाले, "मी एकदा घराकडं जाऊन येतो. कुलूप नीट लागलंय का बघतो." मला संताप आला. बायको अशी पडलेली आणि यांना कुलपाचं पडलंय. मी बोललेच तसं. ते ऐकून घेऊन गाडीला गेले, आणि संध्याकाळी परत आले.

ऑपरेशन पार पडलं. पण अहवाल यायचा होता, आणि मायला थंडी वाजत होती, तिची जुनी गोधडी हवी होती. म्हणून मी उदगीरला गेले. कुलूप नीट लागलेलं होतं. गोधडी काढायला खाटेखाली वाकले तर ट्रंक अर्धवट उघडी. वीट नव्हती.

मी न्हाणीत गेले. कोपऱ्यात बादली होती, वर टोपली झाकलेली. टोपली काढली. बादली पाण्यानं भरलेली, तळाशी वीट, आणि विटेवर वरवंटा.

मी तिथंच फरशीवर बसले. जन्मभर कुठल्या देवापुढं हात न जोडलेला माणूस. बाबा देव मानायला लागले, असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. मायची रीत होती. ती आता करू शकत नव्हती, म्हणून तिच्यासाठी त्यांनी केली. दवाखान्यात त्यांना जे बोलले ते आठवून मला तोंड लपवावंसं वाटलं. मग मी उठले, पाणी थोडं कमी झालं होतं त्यात तांब्याभर ओतलं, टोपली पुन्हा होती तशी ठेवली आणि गोधडी घेऊन नांदेडला आले. बाबांना काही विचारलं नाही.

अहवाल चांगला आला. माय महिन्याभरात घरी आली, वाळून काटकी झालेली, पण जिभेला धार तशीच. रिक्षातून उतरवून मी तिला अंगणात खाटेवर बसवलं. भिंतीवर उन्हात वीट वाळत ठेवलेली होती. मायची नजर तिच्यावर गेली. बाबा घाईघाईनं म्हणाले, "पाण्यात पडली व्हती. आड धुवायला काढला व्हता ना, त्यात." आमच्या गल्लीतला आड तर कधीच बुजवलेला होता.

"इकडं आणा ती," माय म्हणाली.

बाबांनी वीट तिच्या मांडीवर आणून ठेवली. मायनं ती उलटी केली. लांबट लालसर डाग. तिनं वीट नाकाशी नेली, हुंगली, आणि बाबांकडं बघून म्हणाली,

"वरवंटा आधी धुऊन ठेवावा व्हो. मीबी तवा तिथंच चुकले."